नवा डबा, कोरी पाटी

घरातला राउटर बदलला की पुढचा अर्धा तास बहुतेक घरांत सारखाच जातो. जुन्या डब्याच्या वायरी काढून नव्याला लावल्या जातात, दिवे हिरवे होतात, मोबाइलवर वायफायचं नाव दिसतं, पासवर्डही घेतला जातो. आणि मग ब्राउझरमधलं चाक गरगर फिरत राहतं. एका घरात काहीच उघडत नाही. दुसऱ्या घरात गुगल झटकन उघडतं, पण बँकेचं पान पांढरंच राहतं. तिसऱ्या घरात सगळ्यांचं नेट चालतं, फक्त आजोबांच्या लॅपटॉपवर चालत नाही. ‘डबाच खराब निघाला’ म्हणून पुष्कळ जण तो खोक्यात भरून दुकानात परत नेतात.

डबा क्वचितच खराब असतो. जुना राउटर त्या घरात पाच-सात वर्षं राहिलेला असतो. तेवढ्या काळात बाहेरच्या कंपनीशी आणि घरातल्या यंत्रांशी त्याचे कितीतरी बारीकसारीक ठराव झालेले असतात: कुणी कुठला पत्ता वापरायचा, लिफाफा किती मोठा ठेवायचा, नावाची चौकशी कुणाकडे करायची, दारात कुणाला ओळख द्यायची. हे ठराव भिंतीवर लिहिलेले नसतात, डब्याच्या पोटात असतात. डबा माळ्यावर गेला की तेही माळ्यावर जातात आणि नवा डबा कोरी पाटी घेऊन बसतो. यातला प्रत्येक ठराव कधीतरी, कुठल्यातरी खऱ्या अडचणीवरचा तोडगा म्हणून जन्माला आला आहे. बिघाड शोधणाऱ्याला त्या तोडग्यांचा इतिहास ठाऊक असेल, तर त्याचं निम्मं काम तिथेच होतं.

राउटर मुळात घरासाठी जन्मलाच नव्हता. १९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट सुरू झालं, तेव्हा प्रत्येक केंद्रात मोठ्या संगणकाशेजारी निरोपांची ने-आण करणारं एक स्वतंत्र यंत्र बसवलं गेलं. मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन कंपनीने ते हनीवेलच्या डीडीपी-५१६ संगणकावर उभारलं होतं आणि ते फ्रिजएवढं होतं. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात वेगवेगळ्या जातीची जाळी एकमेकांशी बोलती करायची गरज पडली, तेव्हा बिल येगर यांनी त्यासाठी आज्ञावली लिहिली. त्याच विद्यापीठातल्या लेन बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी १९८४ मध्ये सिस्को स्थापन केली. ही यंत्रं विद्यापीठं आणि कंपन्या घेत आणि ती सांभाळायला पगारी माणूस असे. आज तेच काम दिवाणखान्यातल्या टीव्हीमागे ठेवलेला डबा करतो, आणि त्याच्यासाठी माणूस नेमलेला नसतो.

घरात राउटर शिरला तो पत्त्यांच्या टंचाईमुळे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता लागतो. १९८१ मध्ये पक्क्या झालेल्या नियमांत हा पत्ता ३२ बिटांचा ठरला, म्हणजे एकूण पत्ते झाले ४,२९,४९,६७,२९६. त्या वेळी ते अफाट वाटले. नव्वदच्या दशकात वेब आलं आणि पत्ते पुरणार नाहीत हे स्पष्ट दिसू लागलं. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तोडगा मांडला. आपण त्याला ‘नॅट’ म्हणतो.

गिरगावातल्या चाळीला टपालाचा पत्ता एकच, खोल्या मात्र चाळीस. आत आलेलं पत्र कुठल्या खोलीचं हे दारावरच्या माणसाला माहीत असलं की भागतं. नॅट नेमकं हेच करतं. घरातल्या कुठल्या यंत्राने बाहेर काय विचारलं याची नोंद राउटर वहीत ठेवतो आणि उत्तर आलं की त्या यंत्राकडे पोचवतो. लेखकांनी स्वतःच याला थोड्या दिवसांचा उपाय म्हटलं होतं. तीस वर्षं उलटली तरी जगातली बहुतेक घरं अजून त्यावरच चालतात.

आतल्या खोल्यांना कुठले क्रमांक द्यायचे, हेही ठरवावं लागलं. फेब्रुवारी १९९६ च्या एका दस्तऐवजाने काही पत्ते खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यातलेच. हे पत्ते बाहेरच्या जगात चालत नाहीत, म्हणून ते कुणीही आपल्या घरात वापरावेत.

मग तैवानहून अमेरिकेत आलेल्या एका दाम्पत्याने हे सगळं छोट्या डब्यात बसवलं. व्हिक्टर आणि जेनी त्साओ यांनी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमध्ये आपल्या गॅरेजमध्ये लिंक्सिस कंपनी सुरू केली होती. घरोघरी दुसरा संगणक आला आणि जोडणी मात्र एकच राहिली, त्या काळात त्यांचे राउटर दुकानांच्या फळीवर गेले. २००२ च्या अखेरीस निळ्या-काळ्या रंगाचा, दोन अँटेनांचा डब्ल्यूआरटी५४जी आला आणि घरगुती राउटर म्हटलं की तोच आकार लोकांच्या डोळ्यांपुढे येऊ लागला. २००३ मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरला कंपनी विकत घेतली. विद्यापीठातल्या राउटरचा आणि घरातल्या राउटरचा व्यवसाय एका छपराखाली आला.

राउटर बदलल्यावरचा पहिला मोठा घोळ याच १९२.१६८ मध्ये आहे. बनवणाऱ्यांनी सोय म्हणून आपापल्या डब्यांना तेच दोन-तीन पत्ते दिले, सर्वांत जास्त १९२.१६८.१.१ आणि १९२.१६८.०.१. नेट देणाऱ्या कंपनीने बसवलेला मोडेम स्वतःच राउटरचंही काम करत असेल आणि त्याच्यामागे दुकानातून आणलेला नवा राउटर जोडला, तर दोघंही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवू शकतात. एकाच गल्लीच्या दोन्ही टोकांना एकाच क्रमांकाचं घर असलं की पोस्टमन काय करणार? वायफाय पूर्ण दिसतं आणि पान एकही उघडत नाही. आतल्या डब्याचा पत्ता १९२.१६८.२.१ केला, किंवा त्याचं राउटरपण बंद करून त्याला नुसता वायफाय पसरवण्याच्या कामाला लावलं, की दोन मिनिटांत घर चालू होतं.

महाराष्ट्रातल्या घरांचा राउटरशी संबंध जरा उशिरा आला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. ते फोनच्या तारेवरून, मोडेमचा तो कर्कश आवाज ऐकत, घरचा फोन अडवून वापरायचं होतं. संगणक एक, जोडणी एक. राउटरला तिथे कामच नव्हतं. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची डेटावन आली, मुंबईत एमटीएनएलची ट्रायबँड आली आणि मराठी घरांत दिवे लुकलुकणारा डबा आला.

त्या पिढीतल्या मोडेमच्या पोटात दोन छोटे आकडे असत. त्यांची नावं व्हीपीआय आणि व्हीसीआय; टेलिफोन कंपन्यांच्या एटीएम नावाच्या जाळ्यातली ती वारसाने आलेली होती. बीएसएनएलसाठी ते ० आणि ३५, एमटीएनएलसाठी ० आणि ३२. मुंबईहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना कुणी मोडेम बरोबर नेला, तर ३२ चा ३५ केल्याशिवाय तो हूं की चूं करत नसे. दिवे सगळे लागलेले, तार ठीक, फोनवर आवाज स्वच्छ, आणि नेट नाही. एक आकडा बदलला की घर उजळायचं. मोडेमच्या पोटाला चिकटवलेल्या कागदाच्या चिठ्ठीवर हे दोन आकडे, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड लिहून ठेवणारी माणसं खरोखर शहाणी होती. मोडेम जळला की ती चिठ्ठी सोन्याच्या मोलाची ठरे.

त्या चिठ्ठीवरचं नाव आणि पासवर्ड हा स्वतंत्र विषय आहे, आणि बँकेच्या पांढऱ्या पानाचं मूळ तिथेच सापडतं.

डायल-अपच्या काळात ग्राहक दर वेळी नाव-पासवर्ड देऊन आत शिरे, त्यावरून बिल निघे. त्या बोलण्याच्या पद्धतीला पीपीपी म्हणत. पुढे तारेवर सतत चालू राहणारी जोडणी आली, पण कंपन्यांची हिशेब ठेवायची सगळी व्यवस्था पीपीपीवर बेतलेली होती. ती मोडण्यापेक्षा जुना लिफाफा नव्या लिफाफ्यात घालायचं ठरलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध झाली, तिचं नाव पीपीपीओई. माहिती तुकड्यांत भरून नेणाऱ्या इथरनेटच्या लिफाफ्यात १५०० बाइट मावतात. आतल्या जादा लिफाफ्याचं वजन ८ बाइट. उरले १४९२.

आठ बाइट म्हणजे किती? या परिच्छेदातल्या एखाद्या शब्दाएवढेही नाहीत. पण लांबून येणारं पान १५०० च्या लिफाफ्यात भरून निघालं, की १४९२ च्या दारात अडकतं. ‘लिफाफा मोठा झाला, लहान करून पाठवा’ असा उलटा निरोप पाठवायची सोय नोव्हेंबर १९९० च्या नियमांत आहे. दुर्दैवाने हल्ल्यांच्या भीतीने पुष्कळ ठिकाणी असे उलटे निरोप सरसकट अडवले गेले. पाठवणारा वाट पाहत राहतो, घेणारा वाट पाहत राहतो आणि लिफाफा वाटेत गडप होतो. छोटी उत्तरं लहान लिफाफ्यात मावतात, म्हणून काही पानं सुरळीत उघडतात. भरलेल्या लिफाफ्यांतून येणारी पानं पांढरी राहतात. सप्टेंबर २००० मध्ये एका दस्तऐवजात या दुखण्याची लक्षणं सविस्तर लिहून काढली गेली आणि तिथे त्याला कृष्णविवर म्हटलं आहे. नाव अगदी समर्पक आहे.

चांगला राउटर यावर एक युक्ती करतो. घरातलं यंत्र बाहेरच्याशी बोलणं सुरू करतं तेव्हाच तो मध्ये पडून सांगतो की लिफाफा जरा लहान ठेवा. जुना डबा हे वर्षानुवर्षं मुकाट्याने करत होता आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. नव्या डब्यात ती युक्ती बंद असली, किंवा आकडा १५०० वरच राहिला, की ‘काही साइट चालतात, काही नाही’ ही तक्रार सुरू होते. ज्याला तक्रारीचं मूळ माहीत नाही तो अँटिव्हायरस काढतो, ब्राउझर बदलतो, संगणक फॉरमॅटसुद्धा करतो.

तपासणं सोपं आहे. विंडोजच्या आज्ञा लिहायच्या काळ्या खिडकीत पिंग या आज्ञावलीला (तिची गोष्ट पुढे येते) ‘तुकडे करू नकोस’ असं बजावून १४७२ बाइटचं ओझं द्यायचं. त्यावर वेष्टणाचे २८ बाइट चढले की बरोबर १५०० होतात. हे ओझं परत आलं नाही आणि १४६४ चं परत आलं, तर १४६४ अधिक २८ म्हणजे १४९२. आठ बाइट समोर आकड्यांत दिसतात. राउटरच्या पानावर जाऊन एमटीयूच्या, म्हणजे लिफाफ्याच्या मापाच्या, चौकटीत १४९२ भरलं की अडलेलं पान बहुतेक वेळा उघडतं. संगणकाच्या दुरुस्तीत इतकं स्वच्छ निदान फार थोड्या दुखण्यांना मिळतं.

केबलवाल्याकडून नेट घेणाऱ्या घरांतली गोष्ट निराळी. जाळ्याशी जोडायच्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातच ४८ बिटांचा एक क्रमांक मिळतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. अमेरिकेत केबलवरून इंटरनेट आलं तेव्हा काही कंपन्यांनी ग्राहकाच्या एका संगणकाचा हा क्रमांक नोंदवून ठेवला. दुसरं यंत्र लावलं तर दार बंद. यावर उपाय म्हणून राउटर बनवणाऱ्यांनी ‘मॅक क्लोन’ हे बटण दिलं, म्हणजे डबा जुन्या संगणकाचा क्रमांक स्वतःच्या नावावर घेऊन उभा राहतो. आपल्याकडच्या मोहल्ल्यातल्या अनेक केबलवाल्यांनी हीच नोंदणी उचलली. त्यांच्या बोलीत त्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात. ‘राउटर बदललाय, मॅक बाइंड करून द्या’ एवढ्या एका वाक्यावर फोन मिटतो. हे वाक्य माहीत नसेल तर दोन दिवस माणूस येण्याची वाट पाहावी लागते.

केबल मोडेम स्वतःही पहिल्यांदा दिसलेला क्रमांक लक्षात ठेवतो आणि वीज जाईपर्यंत विसरत नाही. म्हणून राउटर बदलल्यावर आधी मोडेम बंद करायचा, थोडं थांबायचं, मोडेम पूर्ण चालू होऊ द्यायचा आणि मगच राउटर चालू करायचा. ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला ऐकून लोक वैतागतात, पण इथे त्यामागे पक्कं कारण आहे. फायबरच्या जोडणीत तर कंपनीच्या डब्याचा अनुक्रमांकच पलीकडे नोंदलेला असतो. तो डबा बदलला तर कंपनीने नव्याची नोंद केल्याशिवाय प्रकाश येऊनही बोलणं सुरू होत नाही.

आता आजोबांचा लॅपटॉप.

पूर्वी प्रत्येक यंत्रात पत्ता हाताने लिहावा लागे. कुठला क्रमांक कुणाला दिला याची वही ठेवावी लागे आणि दोघांना एकच दिला तर दोघंही बंद. बकनेल विद्यापीठातल्या राल्फ ड्रॉम्स यांच्या लेखणीतून १९९३ मध्ये डीएचसीपीचे नियम आले आणि पत्ता वाटायचं काम यंत्रावर सोपवलं गेलं. घरात हे वाटप राउटर करतो. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजावं की वाटप करणारा कुणी भेटलाच नाही आणि यंत्राने स्वतःच एक पत्ता घेतला. पण कुणी भाच्याने कधीकाळी आजोबांच्या लॅपटॉपमध्ये पत्ते हाताने भरून ठेवले असतील, तर तो लॅपटॉप नव्या डब्याला काही विचारतच नाही. जुना डबा १९२.१६८.१.१ होता, नवा १९२.१६८.०.१ आहे आणि लॅपटॉप अजून जुन्याच दारावर थाप मारतो आहे. ‘आपोआप मिळवा’ हा पर्याय निवडला की आजोबांचं वर्तमानपत्र उघडतं.

हाताने भरलेल्या त्या चौकटींपैकी सर्वांत जास्त त्रास देणारी चौकट डीएनएसची. नावावरून पत्ता सांगणारी ही यंत्रणा येण्याआधी सगळ्या इंटरनेटची नावं एकाच यादीत होती. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती यादी सांभाळी. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, त्या यादीत नाव घालणार, बाकीचे यादी उतरवून घेणार. एका बाईच्या कचेरीने अख्ख्या जाळ्याची जनगणना सांभाळली, हे आज सांगूनही खरं वाटत नाही. यंत्रं वाढली तशी यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली आणि एका यादीची हजारो ठिकाणी वाटणी झाली. जुन्या यादीचा अवशेष ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलच्या रूपाने आजही प्रत्येक विंडोज आणि लिनक्स संगणकात आहे.

ही चौकट चुकीची भरली गेली तर काय होतं, हे जगाने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिलं. डीएनएसचेंजर नावाच्या घातक आज्ञावलीने शंभराहून जास्त देशांतल्या सुमारे ४० लाख संगणकांमधली ही चौकट बदलून टाकली होती. राउटरचा मूळचा पासवर्ड बदललेला नसेल तर ती राउटरमध्येही घुसायची. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयच्या तपासातून टोळी पकडली गेली. पण त्यांचे खोटे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो निरपराध लोकांचं नेट गेलं असतं. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्या जागी काही महिने स्वच्छ सर्व्हर चालवले गेले. ९ जुलै २०१२ ला तेही बंद झाले. ज्यांनी तोवर चौकट दुरुस्त केली नव्हती, त्यांची तार, मोडेम, वायफाय सगळं धडधाकट होतं, फक्त एकाही नावाचा पत्ता मिळेना.

अलीकडे आणखी एक कारण दिसतं. ३२ बिटांचे पत्ते वाटणाऱ्या मध्यवर्ती संस्थेची शिल्लक ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपली आणि १२८ बिटांच्या आयपीव्ही६ कडे जाणं भाग पडलं. नव्या राउटरमध्ये तो रस्ता अर्धवट उघडा राहिला, तर ब्राउझर आधी तिकडे जाऊन पाहतो आणि प्रत्येक पान रेंगाळत उघडतं. आयपीव्ही६ तात्पुरतं बंद करून पाहिलं की दोष तिथे आहे का ते कळतं.

हे सगळे धागे वेगळे करायचं हत्यार मात्र जुनंच आहे. अमेरिकेत मेरिलंडमधल्या लष्करी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांना डिसेंबर १९८३ मध्ये जाळं विचित्र वागताना दिसलं, आणि त्यांनी एका संध्याकाळी छोटी आज्ञावली लिहिली. पाणबुडी शोधताना सोनारचा आवाज आदळून परत येतो, त्यावरून त्यांनी तिचं नाव पिंग ठेवलं. म्यूस २००० मध्ये मोटार अपघातात गेले. पिंग आज जवळपास प्रत्येक संगणकात आहे.

राउटर बदललेल्या घरात जाणता माणूस ती अशी वापरतो. आधी १९२.१६८.०.१ ला, म्हणजे घरातल्याच डब्याला हाक मारतो. उत्तर आलं की वायफाय आणि पत्त्यांचं वाटप ठीक आहे. मग ८.८.८.८ ला, हा गुगलने डिसेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला डीएनएसचा पत्ता, लक्षात राहायला सोपा. तिथून उत्तर नाही आलं, तर नाव-पासवर्ड, बाइंडिंग किंवा एकाच पत्त्याचे दोन डबे यांत घोळ आहे. उत्तर आलं, तर तार, मोडेम आणि कंपनी या तिघांना दोष द्यायचं कारण उरत नाही. तिसरी हाक एखाद्या साइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर डीएनएसची चौकट उघडायची. तिन्ही हाकांना ओ मिळूनही पान पांढरं राहिलं, तर १४७२ आणि १४६४ करून पाहायचं. एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि तोवर नवा डबा खोक्यात भरायची गरज नसते.